पडद्याआडचं कटिंग

बारकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी आई तशी हाक मारायची, आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरने पहिल्या दिवशी नाव विचारलं तेव्हा हिने घाईघाईत तेच टाइप केलं. चिकटलं ते चिकटलंच. आता ती एक्केचाळीस वर्षांची होती आणि बारकी म्हणावं असं तिच्यात चष्म्याच्या काड्यांशिवाय काही उरलं नव्हतं. तरी साहेबांपासून झाडलोट करणाऱ्या मावशींपर्यंत सगळे तिला बारकीच म्हणत.

कंपनी म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या तीन खोल्या, आठ माणसं आणि एकच माल. शिंप्यांसाठी ‘खडू’ नावाचा एक प्रोग्रॅम आहे. त्यात शर्टाचा, कोटाचा एकेक तुकडा स्क्रीनवर आखता येतो. खडू फुकट मिळतो, कारण ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी तो मिळून बनवलाय, आणि तो ज्या ओळींनी बनलाय तो मूळ कोड कुणालाही वाचता येतो. ह्या खडूला जोडायचं प्लगइन बारकीची कंपनी विकत असे. त्याचं नाव ‘अचूक’. खडूच्या पोटात बसून ते एकच काम करायचं. गिऱ्हाइकाची मापं दिली की त्याच्या अंगाचं जे काही वाकडंतिकडं असेल, पोक आलेली पाठ, सुटलेलं पोट, एका बाजूला कललेली मान, ते सगळं सांभाळून कापड कसं कापायचं ते सांगायचं. अचूक मात्र विकत घ्यावं लागे आणि त्याचा कोड कुणाच्या नजरेलाही पडत नसे.

साहेबांना त्या कोडचा कोण अभिमान! कोड आठही कॉम्प्युटरवर होता, तरी त्याची एक प्रत त्यांनी लोखंडी कपाटात ठेवली होती आणि किल्ली गळ्यात अडकवली होती. कुणी पाहुणा आला की कपाटावर थाप मारून म्हणत, “अकरा वर्षांची साधना आहे ह्यात. आमचा स्वतःचा संशोधन विभाग आहे.” अचूक बाजारात येऊन नऊच वर्षं झाली होती, पण थाप मारायचीच तर दोन वर्षं इकडची तिकडे.

आणि संशोधन विभाग म्हणजे बारकीची आई.

आईने उभा जन्म दोन मशीनच्या एका खोलीत लोकांचे कपडे शिवण्यात घालवला. डोळे अधू झाले तेव्हा मशीन झाकून ठेवलं आणि डोक्यात साठलेलं सगळं कटिंग एकेक करून लेकीला सांगितलं. लेक शिवणार नव्हतीच, पण आईला ते कुणाकडे तरी ठेवून द्यायचं होतं. सांगण्याआधी अट घातली. “हे आपल्या घरातलं आहे, बारके. बाहेर जाता कामा नये. माझी शपथ आहे तुला.”

बारकीने शपथ घेतली, आणि दुसऱ्याच महिन्यात ते सगळं अचूकमध्ये घातलं. काय करणार, साहेबांनी गिऱ्हाइकांना शब्द देऊन ठेवला होता आणि प्लगइन तेव्हा नुसतं रिकामं खोकं होतं. तिने स्वतःची समजूत काढली ती अशी, की विकलं जातं ते फक्त मशीनला कळणारं रूप. शर्ट बघून कुणाला कटिंग थोडंच कळतं? कोड कपाटात बंद आहे तोवर शपथ शाबूत आहे. स्वतःची समजूत तिने काढली, आईची काढायचं मात्र नऊ वर्षं टाळलं.

कोडमध्ये काही ओळी कॉम्प्युटरसाठी नसतात, माणसाने माणसासाठी लिहिलेल्या असतात. त्यांना कमेंट म्हणतात. बारकीने प्रत्येक नियमाच्या डोक्यावर आईचे शब्द जसेच्या तसे लिहिले होते. ‘आई म्हणते: पोट सुटलंय त्याला पुढून कापड जास्त दे, पण दिलंय असं त्याला कळू देऊ नकोस.’ ‘आई म्हणते: मेले, किती वेळा सांगू, गळा आधी लहान काप. लहानाचा मोठा होतो, मोठ्याचा लहान होत नाही.’ ‘आई म्हणते: खांदा उतरता असेल तर शिवण अर्धा इंच उतरव. काखेत काचतं म्हणाले तर सांग, दोनदा धुतलं की बसेल अंगावर.’ एके ठिकाणी नुसतंच ‘आईच्या कमरेत चमक भरलीये, बाह्या उद्या.’

ह्यातली ती धुण्याची गोष्ट बारकीने तोंडी सांगितली तेव्हा साहेबांना फार आवडली. काखेत काचण्याची तक्रार पुष्कळ यायची. तेव्हा त्यांनी मदतीच्या पानावर लिहवून घेतलं, ‘दोन धुलाईंनंतर वस्त्र शरीराशी संवाद साधू लागते.’ साहेबांचा स्वतःचा डावा खांदा उतरता होता. अचूकने कापलेले शर्ट ते हौसेने घालत आणि भाषण करताना हात कोपरापर्यंतच वर नेत. आणखी एक सुधारणा त्यांची. अचूक उत्तर चटकन द्यायचं, आणि एवढ्या चटकन आलेल्या उत्तरावर गिऱ्हाइकांचा विश्वास बसेना. म्हणून ‘शरीररचनेचे सखोल विश्लेषण चालू आहे’ अशी पट्टी दाखवून ते नऊ सेकंद थांबू लागलं. कोडमध्ये तिथे कमेंट होती, ‘साहेबांच्या सांगण्यावरून नऊ सेकंद काहीही करू नकोस.’

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना कासवाचं पत्र आलं.

कासव म्हणजे खडू सांभाळणाऱ्या लोकांतला मुख्य. हे टोपणनाव त्याने स्वतःच घेतलं होतं. कॉलरीचं आणि बाहीच्या गोलाईचं वळण आखणारा खडूतला भाग त्याने लिहिला होता. पत्र फार सौजन्याने लिहिलेलं होतं. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यातल्या कटिंगवाल्याने त्याला कळवलं होतं, की तुमचं अचूक आम्ही विकत घेतलं, चांगलं आहे, पण परवा त्यात अशी चौकट आली: ‘माफ करा, हे वळण मला अजून नीट जमलेलं नाही. — कासव.’ तर ते कधी जमेल?

कासवाने पुढे लिहिलं होतं, ‘मी अचूक बनवलेलं नाही. पण ती माफी माझी आहे.’

साहेबांनी बारकीला बोलावलं. “ह्या कासवाची माफी आपल्या मालात कशी आली?”

“त्याच्या तीनशे ओळी आपण उचलल्या ना, साहेब. वळणाच्या. माफी त्यांच्यातच होती, मला दिसली नाही.”

“उचलल्या? कुणाला विचारून?”

“तुम्हीच म्हणालात. फुकट आहे ना, मग घे उचलून, असं.”

साहेबांनी क्षणभर विचार केला आणि वकीलबाईंना फोन लावला.

वकीलबाई आल्या, चहा घेतला, खडूबरोबर येणारा अटींचा परवाना शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. असा वाचणारं त्या ऑफिसात आलेलं हे पहिलंच माणूस. मग म्हणाल्या, “साधी गोष्ट आहे. खडू घ्या, वापरा, बदला, विकासुद्धा. पण त्याच्यात मिसळून काही बनवलंत आणि ते दुसऱ्याच्या हातात दिलंत, तर त्याचाही मूळ कोड त्याला ह्याच अटींवर द्यायचा. आणि आधीच्यांची नावं पुसायची नाहीत.”

“पण आमचं प्लगइन वेगळं आहे!” साहेब म्हणाले. “शर्टाला बटण लावलं म्हणून बटणवाला काय शिंप्याचा गुलाम होतो?”

“बटण शर्टावाचूनही बटणच असतं. तुमचं अचूक खडूवाचून चालतं का?”

साहेबांनी बारकीकडे पाहिलं.

“उघडतसुद्धा नाही,” बारकी म्हणाली.

“तेवढ्यावरूनही भांडता आलं असतं हो,” वकीलबाई हळहळल्या. “प्लगइन वेगळं की त्याच प्रोग्रॅमचा भाग, ह्यावर आम्ही वर्षानुवर्षं भांडतो, त्यात आमचं पोट आहे. पण तुम्ही त्यांच्या ओळीच आत शिवल्यात, वर त्यांची माफी गिऱ्हाइकाला दाखवलीत. आता कुठल्या तोंडाने भांडू? विकणं थांबवा, नाहीतर त्यांचं सगळं काढून स्वतःचं वेगळं बनवा, नाहीतर कोड खुला करा. तीस दिवसांत सुधारलंत तर ते सोडून देतील.”

विकणं थांबवायचं म्हणजे आठ माणसांनी खाली चष्मे पुसायला जायचं. कोड खुला करायचा म्हणजे आईचं कटिंग चव्हाट्यावर. बारकीची पाचावर धारण बसली. “मी वेगळं लिहिते, साहेब,” ती म्हणाली. “सगळं. तीस दिवसांत.” साहेबांना भरून आलं. कंपनीच्या गुपितासाठी जिवाचं रान करणारी अशी माणसं आता कुठे मिळतात, असं ते मावशींना म्हणालेसुद्धा.

तीन आठवडे बारकी वळणाशी झुंजली. पहिल्या खेपेला कॉलर कपाच्या कानासारखी निघाली. दुसऱ्या खेपेला बाही स्वतःतच गुंतली. कासवाच्या ओळी न बघता लिहायचं म्हटल्यावर कळलं, की त्या माणसाने काय कष्ट उपसले असतील आणि वर माफी मागितली असेल. एवढं चांगलं जमवून ‘जमलेलं नाही’ म्हणणारा माणूस तिला ह्या ऑफिसात तरी भेटला नव्हता. बाविसाव्या दिवशी तिने हात टेकले.

“ठीक आहे,” साहेब म्हणाले. “खुला करू. पण अब्रूने.” आणि ते स्वतः कॉम्प्युटरपुढे बसले. नऊ वर्षांत त्यांनी कोड उघडून पाहिला तो पहिल्यांदाच. आधी त्यांनी नऊ सेकंदांची कमेंट पुसली. मग दोन दिवस खपून जिथे जिथे ‘आई’ होतं तिथे तिथे ‘संशोधन विभाग’ घातलं.

बारकीने ते वाचलं. ‘संशोधन विभाग म्हणतो: मेले, किती वेळा सांगू, गळा आधी लहान काप.’ थोडं खाली, ‘संशोधन विभागाच्या कमरेत चमक भरलीये, बाह्या उद्या.’

तिला आधी हसू आलं. मग वाटलं, बरंच झालं की, आईचं नावच नाही, म्हणजे आईला कधी कळायचंही नाही. शपथ मोडली तरी कुणी पकडणार नाही. हा विचार मनात आला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. आईचे शब्द, आईची चमक, आणि वर साहेबांची पाटी! तिने वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “ज्या रूपात तुम्ही स्वतः कोडवर काम करता त्याच रूपात तो द्यायचा असतो. कमेंट बदलून दिल्यात तर मी तरी सही करणार नाही.” पण मूळ कमेंट घालायच्या तर आधी आईपुढे उभं राहणं आलं. हाताशी सहा दिवस होते. बारकी त्याच संध्याकाळी घरी गेली.

आई खिडकीशी बसून बटणांचा डबा निवडत होती. दिसत नसलं तरी बोटांना चार भोकांचं आणि दोन भोकांचं बरोबर कळायचं. बारकीने सगळं सांगितलं. शपथ, अचूक, कासव, परवाना, काही ठेवलं नाही.

आई बटणं निवडत राहिली. “कधी मोडलीस शपथ?”

“दुसऱ्या महिन्यात.”

“म्हणजे नऊ वर्षं तू माझ्यासमोर बसून जेवतेयस.”

“हो.”

“आणि आता कुणीही वाचणार?”

“कुणीही. कुठलीही बाई, कुठेही बसलेली. वाचून कापू शकेल, बदलू शकेल, पुढे देऊ शकेल. फक्त आधीच्यांची नावं ठेवायची.”

आईने डबा बंद केला. बारकीला वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण आईचा आवाज एकदम बारीक झाला. “मी तुला खोटं सांगितलं होतं, बारके. ते आपल्या घरातलं नाही.”

“म्हणजे?”

“मी लग्नाआधी एका मास्तरकडे काज-बटणं करायचे. काय हात होता त्याचा! पण कापायला बसला की पडदा ओढून घ्यायचा. आम्हा पोरींना कात्रीचा नुसता आवाज. मग मी काय करायचे, सुट्टीच्या आदल्या दिवशी तयार झालेला एखादा कोट पिशवीत घालून घरी न्यायचे. सगळा उसवायचे. तुकडे वर्तमानपत्रावर ठेवून आखून घ्यायचे, आणि परत शिवायचे. त्याच्याच टाक्यांच्या भोकांतून, म्हणजे कळू नये. एकवीस कपडे उसवले मी तसे. त्याला मरेपर्यंत पत्ता लागला नाही.” तिने डोळे पुसले. “शपथ घातली ती त्याच भीतीने. बाहेर गेलं, तर कुणीतरी म्हणेल, हे कटिंग हिचं नव्हेच, हे तर मास्तरचं. पन्नास वर्षं मी चोर आहे, आणि तू मला संशोधन विभाग करून ठेवलंस होय?”

बारकी आईचा हात धरून बसली.

“नाव घालणार आहेस माझं?” आईने विचारलं.

“हो.”

“मग आधी मास्तरचं घाल. त्याच्याखाली माझं. मग तुझं. आणि त्या कासवाचंही. बिचाऱ्याने उघड्यावर बसून कापलं, पडदा न लावता.”

एकोणतिसाव्या दिवशी कोड खुला झाला. आईचे शब्द जागच्या जागी, नऊ सेकंदांची कमेंटही जागच्या जागी, आणि सगळ्यांच्या वर चार नावं. साहेबांना ते दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांनी आदळआपट केली, गळ्यातली किल्ली टेबलावर फेकली, बारकीला उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. तेवढ्यात गणवेशवाल्या कारखान्यातून फोन आला. कटिंगवाला म्हणत होता, “साहेब, आता कुठे कळलं, असंच का कापायचं ते. इतके दिवस नुसतं ऐकत होतो. त्या आईंना नमस्कार सांगा. आणि ते नऊ सेकंद काढले आम्ही, चालेल ना?” त्यांचा आणखी एक कारखाना निघत होता, त्याचं कामही मालकांनी ह्यांनाच द्यायचं ठरवलं होतं, कारण तिथे हे कटिंग शिकवायलाही माणूस हवं होतं. साहेबांनी फोन ठेवला, बारकीला उद्या वेळेवर ये म्हणाले, किल्ली उचलून पुन्हा गळ्यात घातली आणि महिन्याभरात एका सभेत अर्धा हात वर करून सांगितलं, की खुलेपणा हा पहिल्या दिवसापासून आमच्या रक्तात आहे. कपाटात आता चहाचे कप असतात. कुलूप आहेच.

दोनेक महिन्यांनी आईच्या नावाने पहिलं पत्र आलं. कुठल्यातरी लांबच्या गावातल्या शिंपीणबाईचं. बारकीने ते खिडकीशी बसून मोठ्याने वाचलं. ‘आई, तुमचं सगळं बसतं. एक मात्र पटलं नाही. उतरत्या खांद्याची शिवण अर्धा इंच उतरवलीत, तर बाहीचं भोकही तळाशी तेवढंच खाली घ्यायला हवं. नाहीतर ते लहान होतं आणि काखेत काचतं. कितीही धुतलं तरी काचणारच.’

“मला शिकवते होय!” आई उसळली. “पन्नास वर्षं कापतेय मी! आण ते वर्तमानपत्र. खडू आण. मशीनवरचं झाकण काढ.”

बारकीने सगळं आणून दिलं. आईने बोटांनी चाचपत, वितीने मोजत, खांदा आखला, शिवण अर्धा इंच उतरवली, कापलं. बाहीच्या भोकाच्या कडेवरून टेप फिरवायला लावली. मग दुसरा कागद घेतला, त्या बाईच्या म्हणण्याप्रमाणे कापला, आणि पुन्हा टेप फिरवायला लावली. बारकीने दोन्ही मापं वाचली. आईने ती पुन्हा वाचायला लावली.

मग ती बराच वेळ दोन्ही कागदांवरून बोटं फिरवत राहिली.

“मास्तर चुकला होता,” ती म्हणाली. “आणि मी त्याची चूक चोरून आणली. पन्नास वर्षं लोकांना सांगत आले, दोनदा धुवा म्हणून.” तिला रडू आलं आणि हसूही. “पडदा नसता ना, तर मीच तेव्हा सांगितलं असतं त्याला. एवढा हात असलेला माणूस, चूक तशीच घेऊन गेला ग.”

बारकीने लॅपटॉप उघडला. “काय लिहू?”

“लिही. मास्तर चुकला, आई चुकली, ही बाई बरोबर आहे. तिचं नाव घाल वर, पाचवं.” आईने कागद घड्या घालून बाजूला ठेवले आणि बटणांचा डबा पुढे ओढला. “आणि तुझ्या साहेबांना सांग, ते काचणारे सगळे शर्ट घेऊन या म्हणावं. आई उसवून देते. ह्या वेळी विचारून.”